लाइनीतली यादी अन् फॅसिस्ट हा शब्द

मँगनीजच्या खानीवरल्या कॉलनीत नळाजवळ युनियनचा काळा फळा होता. सभा कधी हाये, पाळी कवा बदलली, कोन मेलं, असं सगळं त्याच्यावर खडूनं लिवत. त्या दिवशी सकाळी मी कडेवर पोरगी अन् हातात पान्याची गुंडी घेऊन गेली तं बाया फळ्यापुढं उभ्या होत्या, मायीच वाट पाहून राहिल्या होत्या. आमच्या क्वार्टरायच्या लाइनीत सातवीपर्यंत शिकलेली बाई मी एकटीच. बाकी कोनी दुसरीत सोडलेल्या, कोनी शाळेचं तोंड नाही पाह्यलेल्या. फळा वाचायचं काम मायंच राहे.

"वाच ना वो, काय लिवलं हाये? कोनाचा पगार कापला काय?"

मी वाचलं. वर मोठ्या अक्षरात होतं का धर्माच्या नावानं कॉलनीत फॅसिस्ट आलेत, सावध राहा. खाली अकरा मानसायची नावं. चौथं नाव माया नवऱ्याचं.

माया तोंडातून काही निंगेना. एक तं नवऱ्याचं नाव आमच्यात बाई घेत नाही, अन् दुसरं म्हनजे ते त्या शब्दाखाली होतं.

"अवो बोल ना. का उखाना घेतेस मनातल्या मनात?" एक जन म्हनली अन् साऱ्या हासल्या.

"सभा हाये म्हनते," मी म्हनलं, "संध्याकाळी," अन् गुंडी अर्धीच भरून घरी आली. खोटं बोलली. पन त्यानं काय होते, दुपारपर्यंत सगळ्या लाइनीले मालूम झालं, अन् संध्याकाळी नळावर मी गेली तं बायायनं मले पयले भरू देलं, जसं घरी कोनी मेलं का देतात तसं.

हा शब्द मी पयल्यांदाच वाचला असं नव्हतं. मी आंबागडच्या किल्ल्याखालच्या गावची, लग्न होऊन या खानीवर आली तवा आनीबानी होती. रेशनच्या दुकानाच्या भिताडावर लिवलं होतं का देशात फॅसिस्ट घुसले, त्यायच्यापासून सरकार आपल्याले वाचवून राहिलं. मंग निवडनूक झाली, सरकार पडलं, अन् त्याच भिताडावर चुना मारून दुसऱ्यायनं लिवलं का जे गेले तेच फॅसिस्ट होते. चुना पातळ होता, खालची अक्षरं वरच्या अक्षरायमधून दिसत. मी राकेलच्या लाइनीत उभी राहून दोन्ही वाचत होती. मले वाटलं ही एक शिवी हाये, शिकलेल्या मानसायची, आपल्याले नाही देता येत ती. पन आता ती माया घरात आली होती.

माया नवरा खाली खानीत मालाचे टब, म्हनजे लोखंडी गाडे, ढकलायच्या कामावर होता. पाळी सुटून आला, अंग मँगनीजनं काळं, नुसते डोळे पांढरे. मी पानी काढून देलं अन् सांगतलं. त्याले मालूमच होतं.

"प्रचार हाये सगळा," तो आंग घासता घासता म्हनला. "ते कोनाले नाही म्हनत? मॅनेजरले म्हनले. मागच्या साली कॅन्टीनचा चहा पातळ झाला तं कॅन्टीनवाल्याले बी फॅसिस्ट म्हनले."

हे खरं होतं, मीच फळ्यावर वाचून दाखवलं होतं बायायले.

"पन तुमचं नाव काहून जी?"

"पहाटे मंदिरामागं लाठी फिरवतो म्हनून. दारू पेऊन नालीत पडत होतो तवा नाही लिवलं कोनी मायं नाव."

त्याच्यापुढं मी काय बोलू. दारूचं मलेच मालूम. पयला पोरगा पोटात होता तवापासून तो पे. पगाराच्या दिवशी मी दाराले कडी लावून बाजेच्या मागं बसत होती, अन् तो आला का पोराच्या तोंडावर हात ठेवत होती का रडून नाही उठला पाह्यजे. मंग मंदिरामागं ही लाठीवाली मंडळी जमाले लागली. पहाटे पाचले व्यायाम, लाठी, आरती. त्यायनं त्याले मारुतीपुढं शपथ देली. अन् सुटली दारू, खरंच सुटली. मी नारळ फोडला. त्या लोकायच्या मी पाया पडाले तयार होती. आता सांगा, ज्यायनं मायं घर वाचवलं त्यायले मी कोन्या तोंडानं काही म्हनू?

म्हनूनच त्या लोकायले पाह्यजे होती ती यादी मी लिवली.

हे फळ्याच्या दहा-बारा दिवस आधीचं. त्या मंडळीत एक बाहेरगावचा भाऊजी येत होता. सायकलवर ये, कपडे पांढरेशुभ्र, आमच्यासारखं नाही, पुस्तकासारखं बोले. मले म्हनला, "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे असं कळलं. मंदिराचा प्रसाद घरोघरी पोचवायचा आहे, तर क्वार्टरप्रमाणे यादी हवी. कोण राहतं, माणसं किती, मूळ गाव कुठलं. आणि शेवटच्या रकान्यात फक्त आपले की दुसरे, एवढं."

मले कोनी लिवायचं काम सांगतलं याचाच मले आनंद. सातवी झाल्यावर मी लिवलं काय होतं, माहेरी दोन पत्रं अन् दवाखान्याचा कागद. पोराच्या पाटीच्या कडेनं रेघा मारल्या, पोरगी मांडीवर पेत राहे अन् मी लिवत राहो. कोनी छत्तीसगढचे, कोनी बालाघाटकडचे, कोनी इथलेच धानाचे शेतकरी, खानीत लागलेले. आपले, आपले, आपले. दवाखान्यातली नर्सबाई गिरजाघरात जाये, तिच्यापुढं दुसरे. दुसऱ्या लाइनीतला शिंपी, दुसरे. मी कायचाच इचार नाही केला. प्रसाद हाये, ज्याले चालत नाही त्याच्या घरी कायले न्यायचा, एवढंच डोक्यात.

फक्त आमच्या मागच्या क्वार्टरपुढं मी नाव नाही लिवलं. तिथं लिवलं, भुजली. अन् शेवटचा रकाना रिकामा ठेवला.

भुजली म्हनजे काय हे आमच्याकडं सगळ्यायले मालूम, पन बाहेरच्याले सांगते. श्रावनात पानाच्या दोन्यात माती घालून गहू पेरतात, अंधारात ठेवतात, पिवळे पिवळे कोंब येतात, अन् राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया गाने म्हनत ते तलावात शिरवतात. थोडे कोंब परत आनतात अन् एकमेकींच्या कानावर खोसतात. माया शेजारची छत्तीसगढची बुढी होती, तिच्या गावाकडं त्याच्या पुढचं बी हाये. दोघी जनीनं भुजली बदलली का त्या जन्माच्या भुजल्या. मंग एकमेकींचं नाव मरेपर्यंत घ्यायचं नाही. जसं नवऱ्याचं नाही घेत तसं.

माया मागं जी राहे ती मुसलमान. तिचा मालक खानीत फिटर, ती टोपली घेऊन लाइनीलाइनीत बांगड्या भरे. माया पोरगा झाला तवा दाई तुमसरले गेलेली, अन् हिनंच मायं डोकं मांडीवर घेऊन बुढीच्या संगं सगळं केलं. त्या साली तलावावरून आल्यावर बुढीनं आमच्या दोघींच्या कानावर कोंब खोसले अन् म्हनली, "अब तुम दोनों भोजली। नाव लेबे त मुँह म कीरा परही।" तोंडात किडे पडतीन. आम्ही हासलो, पन त्या दिवसापासून मी तिचं नाव नाही घेतलं, तिनं मायं नाही घेतलं. म्हनून यादीत बी मायी पेन्सिल आपोआप तशीच चालली.

फळ्याच्या तिसऱ्या दिवशी मी गुरुजीकडं गेली. कॉलनीच्या शाळेचे गुरुजी, बायको मेलेली, शाळेच्या मागच्या खोलीत राहत. मी पोराले शाळेत घालायचं निमित्त केलं. ते वरांड्यात सुपात तांदूळ निवडत बसले होते.

"गुरुजी, फॅसिस्ट म्हनजे कोन?"

त्यायनं वर पाह्यलं. "मालकाचं नाव आलं म्हनून इचारतेस?"

"हो जी."

"इटली नावाचा देश हाये. तिथं एक पुढारी झाला. त्याच्या लोकायनं काळे सदरे घातले, हातात काठ्या घेतल्या, अन् कोनी दुसरं बोललं का त्याले झोडपलं. त्यायच्या पक्षाचं नाव ते. मंग जर्मनीत झालं, त्याच्याहून वाईट."

"ते लय देवधर्मवाले होते काय?"

"अं हं. तो पुढारी तं देवाले मानतच नव्हता. गादीवर बसल्यावर धर्मगुरूंशी जमवून घेतलं, कामाचं वाटलं म्हनून."

मले एकदम हलकं वाटलं. "मंग धर्माचं करनाऱ्यायले फॅसिस्ट म्हननं खोटंच ना जी? प्रचारच ना?"

"घाई नको करू बाई." त्यायनं एक खडा उचलून बाहेर टाकला. "मायी आई सोवळ्यात राहे. माया एका दोस्ताची सावली पडली तं परत आंघोळ करे. कट्टर होती, त्याच्यावर अन्याय बी केला, मी जन्मभर भांडलो तिच्याशी. पन तिले मी फॅसिस्ट म्हनलं तं खोटा ठरीन. ती आपल्या चुलीपाशी बसून होती. तिले दुसऱ्याच्या घरावर राज्य नव्हतं करायचं."

"मंग?"

"मंग असं हाये, का दहा जन जमले, एकाच्याच तोंडाकडं पाहाले लागले, इचारायचं बंद झालं, अन् शेजारी दुश्मन हाये म्हनून त्याची यादी कराले लागले, तं मले तो शब्द आठवते. मंग ते देवाचं नाव घेवो, देशाचं घेवो का कामगाराचं घेवो. पन मी तो फळ्यावर नसता लिवला. पयले मानूस काय करते ते पाह्यलं असतं."

मले बाकी काही आयकूच नाही आलं. यादी म्हनले ते. मी पोरीले इकडून तिकडं घेतलं.

"कोनती यादी गुरुजी?"

"तिकडं जर्मनीत. कोनतं घर कोनाचं, कोनतं दुकान कोनाचं. पयले दुकानात जानं बंद केलं लोकायनं. मंग पुढचं. सरकारले काय सगळं मालूम राहते काय, बरंचसं शेजाऱ्यायनं सांगतलं."

"शेजाऱ्यायनं काहून सांगतलं जी?"

"कोनी इचारलं म्हनून. गोडीनंच इचारलं असन."

मी गुरुजीले नाही सांगतलं का मी लिवली. कसं सांगू. घरी आली, अन् त्या दिवसापासून मायं अंगावरचं दूध कमी झालं. पोरगी ओढे अन् रडे, ओढे अन् रडे. बुढी म्हनली नजर लागली. मी मनात म्हनलं प्रसादाची यादी हाये ती, प्रसादाचीच हाये. पन पंधरा दिवस होऊन गेले होते अन् प्रसाद कोनाच्याच घरी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भुजली आली, टोपली तशीच भरलेली. उंबऱ्यावर बसली अन् पाय चेपाले लागली.

"चौथ्या लाइनीत आज कोनीच हाक नाही मारली वो. सनाचे दिवस हायेत. सगळ्या म्हनतात मागून ये."

मायं लक्ष टोपलीतल्या हिरव्या बांगड्यायकडं.

"अन् आमच्यातले बी आले होते," ती म्हनली. "दोघं जन, बाहेरगावचे. माया मालकाले म्हनले का बायकोले हे भुजली-फुजली सोडाले सांग, हे आपल्यात बसत नाही. वहीत लिवून घेतलं, कोन नमाजाले येते, कोन नाही."

"त्यायनं बी लिवलं?"

"लिवलं ना. सासू त्यायले म्हनली, भुजली काढून फेकाले ती काय कानातली बाळी हाये काय? बसा, चहा घ्या अन् जा."

आम्ही दोघी हासलो. पन मले आतून वाटून राहिलं होतं का हे बी तेच हाये, गुरुजी म्हनले तेच, नुसता वरचा कपडा दुसरा. अन् त्या दोघायचं नाव फळ्यावर कवाच नाही आलं. तवा मले नवऱ्याचं बी पटलं का फळा आपल्या दुश्मनायचीच नावं लिवते. एक मन म्हने प्रचार हाये, एक मन म्हने यादी तं तूच लिवली. भुजलीले मी त्या दिवशी बी नाही सांगतलं.

मंग रविवार आला. खानीले सुट्टी. चार वाजले असतीन, नवरा आंगनात खाटेवर पोराले खेळवत होता. भाऊजी आला, संगं तिसऱ्या लाइनीतले दोन जवान मानसं, माया नवऱ्याच्याच पाळीतले. मी चहा ठेवला. भाऊजीनं पिशवीतून मायी यादी काढली. कागदाच्या घड्या पडल्या होत्या, कितीतरी हात लागल्यासारख्या.

"वहिनी, फार नीट काम केलंत. एकच जागा राहिली आहे. हे भुजली काय लिहिलंय?"

"मायी भुजली हाये ती."

"नाव काय तिचं?"

"मले तिचं नाव नाही घेता येत भाऊजी."

तो हासला. "घेऊ नका. लिहा." अन् खिशातला पेन काढून पुढं केला.

"लिवता बी नाही येत. लिवलं का घेतल्यासारखंच झालं."

त्या दोघा जवानायले तिचं नाव मालूम होतं. एकाच्या बहिनीच्या लग्नाचा चुडा भुजलीनंच भरला होता. ते खाली पाहून राहिले. साऱ्या कॉलनीले मालूम होतं का त्या क्वार्टरात कोन राहते, भाऊजीले बी अर्धं मालूमच असन. पन त्याले ते आमच्या तोंडातून पाह्यजे होतं. हे मले तवा नाही समजलं, मागून समजलं.

"वहिनी, हे आपल्या धर्मात कुठेच नाही. जंगलातल्या लोकांचं खूळ आहे हे."

"देवीची भुजली हाये जी. तलावात शिरवतो आम्ही."

"बरं, राहू द्या नाव," तो गोड बोलला. "शेवटचा रकाना भरा फक्त. आपले की दुसरे. एवढ्यानं तर काही नेम मोडत नाही ना?"

आता माया जवळ काही नाही राहिलं. नावाचा नेम होता, रकान्याचा काही नेम नव्हता. चुलीवर चहा उतू गेला, त्याचा वास आला, मी उठली नाही. मी पेन हातात घेतला. मले भाऊजीचं भेव वाटलं. नवऱ्याचं वाटलं, का हा उद्यापासून परत पेईन तं. तरी मी लिवलं. लिवलं, आपले.

भाऊजीनं कागद वाचला अन् त्याचं हासनं थांबलं. मले काही नाही म्हनला. माया नवऱ्याकडं वळला.

"तुम्ही सांगा. वहिनींनी बरोबर लिहिलंय का?"

नवरा पोराचा हात धरून बसला होता. त्यानं पोराले खाली उतरवलं. मंग म्हनला, "तिनं लिवलं ते लिवलं."

"मी तुम्हाला विचारतोय. शपथ घेतलेला माणूस आहात तुम्ही."

"मले नका इचारू जी. दुसऱ्या कोनाले इचारा."

मले वाटलं वाचली. पन त्यानं दुसऱ्याले इचारा म्हनलं, अन् दुसरा तिथंच उभा होता. ज्याच्या बहिनीचा चुडा भरला होता त्यानं पायाच्या आंगठ्यानं माती उकरली अन् तिच्या मालकाचं नाव सांगून देलं. भाऊजीनं मायं अक्षर खोडलं, आपल्या हातानं दुसरे लिवलं, घडी घातली. चहा न घेता गेले.

मी रडली. नवरा म्हनला, "मी तं नाही ना सांगतलं."

"उद्यापासून जाऊ नका जी तिकडं."

"एकदम कसा सोडू? गद्दार म्हनतीन. गनपती होऊन जाऊ दे."

गनपतीच्या मिरवनुकीले चार दिवस होते. त्या साली मिरवनूक मागच्या लाइनीतून न्यायचं ठरलं होतं. कवाच नेत नव्हते, तिकडून तलाव लांब पडते. कोनी सांगे लाठ्या घेऊन निंगनार हायेत. मी दोन दिवस पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारानं भुजलीकडं गेली अन् सगळं सांगतलं. यादी, रकाना, भाऊजी, सगळं. एका दमात.

ती लसून सोलत होती. सोलनं थांबलं.

"तू लिवली?"

"हो."

"अन् मले आता सांगून राहिली."

तिची लहानी पोरगी येऊन माया पोरीच्या तोंडात बोट घालत होती. भुजली तिकडं पाहत राहिली, मंग म्हनली, "मिरवनुकीत तुया मालक राहीन काय?"

"राहीन."

"मंग एवढंच सांग मले. फळ्यावरचं खरं का खोटं मले समजत नाही, मले ते वाचता बी नाही येत. मले तीन लेकरं हायेत. मी त्याले भेऊ का नको?"

मले आजबी ती लसनाची टरफलं दिसतात. नवऱ्यासंगं मायी सात-आठ वर्सं झाली होती. लेकरू हगलं तं धुनारा मानूस. दारू सोडली तवापासून माया आंगाले हात नाही लावला वाईट. एकटा असता तं मी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं असतं का तो चिमनीले दगड नाही मारनार. पन तो एकटा नव्हता राहनार. दहा जनायच्या मंदी, ढोल वाजून राहिला, गुलाल उडून राहिला, अन् कोनी एकानं म्हनलं, तं? दुसऱ्याले इचारा म्हननारा मानूस तिथं काय करन? मले सांगता नाही आलं. माया सख्ख्या नवऱ्याचं मले नाही सांगता आलं.

"भे," मी म्हनलं. "लेकरायले घेऊन भावाकडं चालली जाय."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तुमसरले गेली, सासूले बी नेलं. मालकाची दुपारची पाळी, तो खाली खानीत. क्वार्टरले कुलूप.

मिरवनूक पाच वाजता मागच्या लाइनीत आली. मी पोरीले छातीशी धरून आमच्या मागच्या दारात उभी. मिरवनूक त्या कुलपापुढं थांबली. बाकी कुठंच नाही थांबली एवढी. घोषना सुरू झाल्या, गुलालाच्या मुठी दारावर फेकल्या, एक दगड पत्र्यावर पडून खाली आला, कोनी फेकला नाही दिसलं. नवरा दुसऱ्या रांगेत होता, हातात लाठी, आंगावर गुलाल. मी डोळा नाही लवू देला. त्यानं गुलाल नाही फेकला, दगड नाही मारला. तोंड उघडत होतं त्याचं, घोषनेच्या संगं. दगड पडला तवा त्यानं पत्र्याकडं पाह्यलं, मंग पुढच्या मानसाच्या पाठीकडं पाह्यलं. मंग ढोल पुढं सरकला अन् सगळे गेले.

मिरवनुकीनंतर चौथ्या दिवशी युनियनचे दोघं घरी आले, नवरा कामावर असताना.

"बाई, तुम्ही दारातून पाह्यलं. दगड तुमच्या मालकानं मारला असं लिवून द्या."

"त्यायनं नाही मारला जी."

"मंग कोनी मारला?"

"मले नाही दिसला. पन त्यायनं नाही मारला, हे मी पाह्यलं हाये. फळ्यावरचं त्यायचं नाव पुसा."

ते एकमेकांकडं पाहाले लागले. "एका नावानं काय होते बाई? मोठी लढाई हाये ही." नाव काही पुसलं नाही. पावसानं धुवून गेलं ते तेवढं.

मी गुरुजीकडं परत गेली होती, या वेळी यादीचं सांगाले. ते रागावले नाही. म्हनले, "आता तूच सांग, तो शब्द खरा का खोटा?" नवऱ्याच्या नावापुढं लिवला तं खोटा वाटते, अन् भाऊजीनं मायं अक्षर खोडलं ते डोळ्यापुढं आलं का खरा वाटते, अन् फळ्यावाले आठवले का परत तिसरंच वाटते. एवढं मात्र मले समजलं का त्या रविवारी माया आंगनात जे झालं ते शिवी नव्हतं, ते खरंच झालं होतं, अन् त्याच्यात मायं अक्षर होतं.

भुजली परत नाही आली. तिच्या मालकानं बदलीचा अर्ज देला, बालाघाटकडच्या खानीत जागा भेटली. दसऱ्याच्या आधी तो एकटाच ट्रकात सामान भराले आला. माया नवरा पेटी उचलाले गेला तं तो म्हनला, "राहू दे भाऊ, हलकी हाये." हलकी नव्हती. तो एकटाच ओढत होता.

त्या दिवशी जेवताना नवऱ्यानं मले इचारलं. आधी कवाच नव्हतं इचारलं.

"तिले जाय म्हनून तूच सांगतलं काय?"

"हो."

"मायं भेव वाटलं तुले?"

मले वाटलं आता ताट फेकन. पोरगा जवळच बसला होता, मी त्याले मागं ओढलं. "हो जी," मी म्हनलं, "वाटलं."

तो भातात बोटं फिरवत राहिला.

"बरं केलं," तो म्हनला. "दगड पडला ना पत्र्यावर, तवा कोनी मायं नाव घेऊन मार म्हनलं असतं तं मी काय केलं असतं, मले नाही मालूम. मी तिथं उभा राहून तोच इचार करून राहिलो होतो, का कोनी मायं नाव नाही घेतलं पाह्यजे."

मंग पोरगी रडाले लागली, तं तो उष्ट्या हातानंच उठला अन् तिले घेऊन आंगनात गेला.